गाईंनी टाकलेला पट्टा

सकाळी सहाला कुरणाचं फाटक उघडलं. गाई आत शिरल्या, ताईने पेरलेल्या गवताच्या पट्ट्यापाशी थबकल्या, गवत हुंगलं आणि माना फिरवून पुढे गेल्या. कुंपणाबाहेरच्या गर्दीने हात जोडले.

"मुकं जनावर खोटं बोलत नाही!" झारीबाबा गरजले. बाबांची झारी कधी रिकामी नसे, आणि तोंडही. "मालकिणीची नजर वाईट. गावातली वासरं काय उगाच गेली?" त्यांनी पट्ट्यावर सुगंधी तीर्थ शिंपडलं. "दोष उतरेपर्यंत रोज शिंपा."

दूध संघाच्या अध्यक्षांनी निकाल दिला: गाई पट्ट्यात चरेपर्यंत ताईचं दूध बंद. आठवड्याच्या बैठकीपर्यंत चरल्या नाहीत, तर तिची जनावरं सामाईक कुरणाबाहेर, कायमची.

ताईची धाकटी बहीण गुरांची डॉक्टर. वासरं हगवणीने गेली, हे सांगून तिची जीभ झिजली होती. पट्ट्याचं कोडंही सुरुवातीला साधंच होतं. ताईने उन्हाला टिकणारं, रुंद पात्याचं राठ गवत पेरलं होतं. शेजारी होतं कोवळं, लुसलुशीत. समोर दोन्ही असली की गाय कोवळंच निवडणार. बाबांनी नेमकं तेवढंच हेरलं होतं. पण आता शेजारचं गवत मुळापर्यंत खाल्लं गेलं होतं, तरी भुकेल्या गाई इकडे का फिरकत नव्हत्या?

तिने एक पातं चुरगाळून हुंगलं. वरवर अत्तर. खाली शेण.

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर बादलीत शेण कालवलं, फडक्यातून गाळलं आणि अध्यक्षांच्या राखीव पट्ट्यातल्या कोवळ्या गवतावर शिंपडलं. सकाळी गाई तिथे सोडल्या; त्यांनी तेही हुंगलं आणि सोडून दिलं.

"बघितलंत? शेणाचा वास लागलेलं गवत गाय खात नाही. झारीत हेच आहे, अत्तर घातलेलं. शिंपणं थांबवा, एक चांगला पाऊस पडू द्या, मग बघा. माझं ऐकू नका, गाईंचं ऐका!"

"पोरगी बोलते त्यात तथ्य आहे," एक म्हातारा गवळी पुटपुटला.

बाबांनी झारी खालीसुद्धा ठेवली नाही. "काल हिने तिथे पाय ठेवला, आज तिथे दोष. बहिणी बहिणी, एकाच माळेचे मणी!"

गर्दी डॉक्टरपासून दोन पावलं मागे सरली. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "महाराज, माझ्या पट्ट्यावर जरा जास्त मारा."

"ताई, निदान तू तरी तुझ्या पट्ट्यावर शिंपणं थांबव," धाकटी कळवळली.

"आणि थांबवूनही नाही चरल्या तर? उद्या हेच म्हणतील, हिनेच उपाय मोडला." ताई तिच्याकडे बघत नव्हती. "तू शहाणी आहेस गं. पण मला इथे राहायचंय."

काल संध्याकाळीही दोन्ही पट्ट्यांवर शिंपणं चालूच होतं. ताईच्या पट्ट्यावर ती स्वतःच शिंपत होती. बैठक परवा आहे. पावसाचं चिन्ह नाही.