शपथेपुरती रोटी

रोपासकट बटाटे उपटून नेले तर निदान त्याच दिवशी कळतं. आमचा चोर हुशार होता. त्याने रोपाला धक्का न लावता बाजूने हात घातला, खालचे बटाटे काढून घेतले, माती परत भरली आणि तळव्याने थापून सारखी केली. रोपं चार-पाच दिवस उभी राहिली आणि मग एका दुपारी सगळ्यांनी मिळून माना टाकल्या. चाळीस रोपं होती.

लढाईचं दुसरं वर्ष होतं ते. खिंडीतला रस्ता बंद, पिठाचे ट्रक बंद. वसंतापासून गावात एकाही तंदुरात रोटी लागली नव्हती. वाळवलेल्या तुतीचं पीठ पाण्यात कालवायचं आणि जेवलो म्हणायचं. माझा नवरा आदल्या हिवाळ्यात लढाईत गेला. मागे राहिल्या दोन मुली, सबो आणि लोला, एक रिकामटेकडा दीर, एर्गाश, आणि हा चार गुंठ्यांचा मळा. बटाटे हिवाळ्याला पुरले तर मुली जगणार होत्या, नाहीतर नाही.

ती थापलेली माती पाहून मला एकच माणूस आठवला. उस्ता शोदमोन. सगळ्या गावाचे तंदूर त्याने घडवलेले, म्हणून उस्ता. ओल्या मातीवरून त्याचा तळवा असाच फिरायचा, एक सुरकुती ठेवायचा नाही. मी सरळ बोबो होशिमच्या अंगणात गेले. गावातलं सगळ्यात पिकलेलं डोकं ते. भांडणं त्यांच्याकडेच जायची. अख्खी गल्ली जमली, उस्तालाही बोलावलं.

"बोबो, हात ओळखीचा आहे. विचारा याला," मी म्हणाले.

"गुलंदाम, अगं माती थापायला उस्ताच लागतो होय?" तो म्हणाला. "गावातली प्रत्येक बाई चूल सारवते."

"आपली सारवते. दुसऱ्याच्या मळ्यात जाऊन नाही सारवत."

लोक हसले. बोबो हसले नाहीत.

"रोटी आणा," ते म्हणाले.

आमच्याकडे संशय असाच मिटतो. रोटीवर हात ठेवायचा, काय ते सांगायचं आणि त्याच रोटीचा तुकडा मोडून खायचा. खोटं बोलणाऱ्याला ती रोटी मारते. त्याला मारते आणि ती रोटी जो जो खाईल त्यालाही. हे मला आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. नमाज चुकला तर मी घाबरत नाही, पण रोटीला घाबरते.

कुणीच हललं नाही. आणणार कुठून?

"बोबो, रोटी असती तर बटाटे कशाला चोरले असते कुणी?" एर्गाश म्हणाला.

"तुतीच्या पिठावर हात ठेवतो की मी," उस्ता म्हणाला.

"तुतीच्या पिठावर काय, गाढवसुद्धा शपथ घेईल!"

"जीभ आवर, पोरी," बोबो म्हणाले. "रोटी येईल तेव्हा निवाडा होईल."

"तोवर मळ्यात काय राहणार, बोबो? ढेकळं?"

त्या दिवसापासून मी आणि एर्गाश पाळीपाळीने राखणीला बसू लागलो. चौथ्या दिवशी, भर दुपारी, पाटाच्या काठावर आमच्या शेवटच्या ओळीशी वाकलेली पाठ दिसली. शोदमोनच. शेजारी गोणी.

"माती घेतोय गं, पाटातली!" मला पाहून तो ओरडला.

मी बोलण्यात वेळ घालवला नाही. फावड्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. तो तोंडावर पाण्यात पडला. एर्गाशने त्याला ओढून काठावर आणलं, छातीवर बसला आणि तोंडावर गुद्दे घालू लागला. एक दात माझ्या पायाशी येऊन पडला. गोणी पाण्यात कलंडली आणि वाहत निघाली.

"गोणी बघ! आधी गोणी बघ!" उस्ता ओरडत होता.

मी बघितली नाही.

"उजवा हात धर याचा," मी एर्गाशला म्हणाले.

"यांगा, पुरे आता. मरेल तो." भावजयीला आमच्याकडे यांगा म्हणतात.

"धर म्हणते ना!"

पाटाच्या तोंडाशी एक चपटा दगड आहे. एर्गाशने त्यावर त्याचं मनगट दाबून धरलं. मी फावडं उलटं केलं आणि लोखंडाच्या पाठीने मारलं. पहिल्या घावाला बोटं चेचली. दुसऱ्याला काहीतरी आत मोडल्याचं ऐकू आलं. तिसऱ्याला त्याचं ओरडणं थांबलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं.

बोबोंचा निवाडा आधीच ठरलेला असतो: ज्याने हात मोडला त्याने आपल्या शेतातलं अर्धं पीक द्यायचं. एर्गाशच्या नावावर एक ढेकूळ नव्हतं. त्याच रात्री मी त्याला समजावलं, आणि उजाडायच्या आत तो कामाला रशियाला जाणाऱ्या टोळीबरोबर डोंगर चढला.

"हात एर्गाशनं मोडला," मी बोबोंना सांगितलं.

"हिनं मोडला," उस्ता खाटेवरून म्हणाला.

"तुझा एक शब्द, तिचा एक," बोबो म्हणाले. "मी काय करू? रोटी नाही."

उरलेले बटाटे मी शरदात काढले आणि अंगणात खड्डा करून पुरले. मग लढाई जरा खाली सरकली, खिंड उघडली आणि पिठाचे ट्रक आले. घरटी एक लहान पोतं, जेमतेम महिन्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, माझा तंदूर पेटायच्या आत, उस्ता शोदमोन माझ्या अंगणात उभा होता. काखेत फडक्यात बांधलेली रोटी, त्याची बायको मेहरी बाजूला, मागे बोबो आणि गल्ली. मोडलेली बोटं वाकडी जुळून कोंबडीच्या पायासारखी झाली होती.

त्याने रोटी ओट्यावर ठेवली आणि वर तोच हात.

"चाळीस रोपांखालचे बटाटे मी नेले नाहीत," तो म्हणाला. "पण त्या दुपारी गोणीत मातीखाली तुझे चार बटाटे होते. मेहरी तापानं फणफणली होती. तेवढेच."

त्याने तुकडा मोडून खाल्ला. त्या चार बटाट्यांबद्दल त्याला कुणी विचारलंही नव्हतं. चाळीस रोपांचे बटाटे कुणी नेले, ते मला आजही माहीत नाही.

"आता तू ठेव," तो म्हणाला. "हात कुणी मोडला?"

माझ्या मागे दोन्ही मुली उभ्या होत्या. पलीकडे खड्डा होता, त्यात त्यांचा हिवाळा होता. अर्धा गेला तर दोघींतली एक जाईल असं मला वाटत होतं. कोणती, तेही मनात येऊन गेलं. मी हात ठेवला. रोटी अजून गरम होती.

"एर्गाशनं."

"खा," बोबो म्हणाले.

मी तुकडा मोडला. तोंडापर्यंत नेणार तोच माझ्या काखेखालून लोला घुसली. सहा वर्षांची पोर, वसंतापासून तिने रोटी पाहिली नव्हती. तिने माझ्या हातातला तुकडा ओढला आणि तोंडात कोंबला.

मी तिला असं मारलं की ती भिंतीवर जाऊन आपटली. ओठ फाटला. मी तिची मान धरली, तोंडात दोन बोटं घातली आणि तुकडा बाहेर खेचला. रक्ताने लाल झाला होता.

"थुंक! सगळं थुंक! एक कण गिळशील तर बघ!"

सबोही रोटीकडे धावली. तिला मी लाथेने मागे लोटलं.

"आई, मला पण दे ना," लोला रडत होती. "थोडीच दे."

आई आपल्या उपाशी लेकराच्या तोंडातून रोटी का काढते, हे आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

उस्ताने खाली पडलेला तुकडा डाव्या हाताने उचलला, कपाळाला लावला आणि फडक्यात ठेवला.

"झालं, बोबो," तो म्हणाला.

मी उठले आणि भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं. उस्ताने दोन्ही हात पाठीमागे लपवले. मी त्याच्या अंगावरून खड्ड्याकडे गेले आणि माती काढायला लागले.