ओल्शिनाला उतरायचं होतं

काठी बोलतेय म्हणून दचकू नका. प्रागमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दाराआडच्या कोपऱ्यात मी उभी असते. माझ्या अंगावर पत्र्याचे एकशे अठरा बिल्ले आहेत. जिथे जिथे चालत गेले, त्या प्रत्येक गडाचा, गावाचा एकेक. ठोकून घेताना दुखायचं, पण नटायची हौस मलाही होतीच.

एका सुतारानं मला रानातून तोडून, तासून जत्रेत विकायला ठेवलं होतं. ब्लांकानं मला उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. "घे. चाळिशी झाली तुझी, आधार लागेल." लुबोशला आधार कधी लागला नाही. तो मला खांद्यावर टाकून मिरवायचा.

तो ट्राम दुरुस्त करायचा, ती शाळेच्या मुलांसाठी रांधायची. दर शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही शहराबाहेर पडायचो. पिशवीत पावात घातलेले मांसाचे तळलेले काप, खारवलेल्या काकड्या आणि थर्मासभर चहा. शहर संपायच्या आत लुबोश डबा उघडायचा, ब्लांका त्याच्या हातावर चापट मारायची. गाड्यांचं सगळं त्याच्याकडे. फलाट कुठला, कुठे बदलायचं, कुठे उतरायचं, यात ती बोललेली त्याला खपायची नाही.

ओल्शिना हे ब्लांकाचं माहेर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळा देश आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतो, तेव्हा तीही तिथे आईच्या कबरीवर जायची. गेल्या वर्षी तिची फुप्फुसं पार थकली होती. डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं एकदा आईला भेटवून आण. मग नाही मागत काही."

ओल्शिनाला गाडी आपणहून थांबत नाही. उतरणाऱ्यानं आधी डब्यातलं बटण दाबायचं असतं. "तू बस निवांत, बटण मी दाबतो," लुबोश म्हणाला.

पण वाटेत एक माणूस टोपलीभर अळंबी घेऊन चढला. इथे दोन माणसं आणि एक टोपली समोरासमोर आली की विषय दुसरा निघतच नाही.

"पंधरा मिनिटं उकळली की बास," टोपलीवाला म्हणाला.

"पंधरा? अहो, या जातीला अर्धा तास लागतो! बायकोला मारायचंय का?"

"वीस वर्षं खातोय, अजून जिवंत आहे."

"पोट बिघडल्याशिवाय अक्कल यायची नाही तुम्हाला!"

लुबोशनं मला जमिनीवर आपटून मुद्दा पटवला. मीही ऐटीत आपटून घेतलं, त्याची लाज मला अजून वाटते. ब्लांका खिडकीला नाक लावून बसली होती. बोगदा संपला, ओल्शिनाचा फलाट आला आणि गेला. टेकडीवर कबरींवरचे दिवे दिसत होते.

"लुबोश," ती हळूच म्हणाली, "गेलं आपलं गाव."

पुढचा थांबा चार किलोमीटरवर होता. परतीची गाडी दोन तासांनी. तिथे उतरल्यावर ब्लांका नदीकाठच्या वाटेनं मागे ओल्शिनाकडे चालायलाच लागली. शंभरेक पावलांवर तिनं मला मागून घेतलं आणि सगळा भार माझ्यावर टाकला. एवढासाच होता तो भार! थोड्या वेळानं ती दगडावर बसली, ती काही केल्या उठेना.

"पुढच्या शनिवारी नक्की," लुबोश रडत म्हणाला.

"बरं. आणि तुझंच खरं हं, अर्धा तासच उकळायची." श्वास पुरेना, तरी ती त्याची चेष्टा करत होती.

पुढच्या शनिवारी ती इस्पितळात होती. नाताळच्या आधी गेली.

वसंतात लुबोश तिची राख घेऊन निघाला. आईच्या कबरीतच ठेवायची, असं ती सांगून गेली होती. या खेपेला त्यानं डबा नेला नाही. तीन थांबे आधीपासून तो बटण दाबत राहिला. ओल्शिनाला गाडी थांबली, दार उघडलं, गार वारा आत आला. लुबोश राखेचा कलश पोटाशी धरून बसूनच राहिला.

"आजोबा, तुम्हीच बटण दाबलंत ना? उतरा की," तिकीट तपासनीस बाई म्हणाली.

"तेव्हा नाही दाबलं," तो म्हणाला.

तिला काय कळणार? दार मिटलं, गाडी सुटली.

तेव्हापासून कलश कपाटात आहे आणि लुबोश खिडकीशी. शनिवार येतात नि जातात. शेजारीण सूप आणून ठेवते, ते तसंच गार होतं. माझं लाकूड सुकून तडकायला लागलंय. त्याचं मला काही नाही. पण तुमच्यापैकी कुणीतरी या. त्याच्याबरोबर एकदा गाडीत बसा आणि त्याचा हात धरून त्याला त्या दोन पायऱ्या उतरवा. कुणी टेकलं तर मी त्याचा भार घेते. बसलेल्या माणसाला उठवणं मला जमत नाही.