पांढऱ्यातला निळा

शनिवारी संध्याकाळी आणखी एक पांढरी गाडी परत आली.

गॅरेजच्या दारात ती उन्हाला लावली होती आणि गॅरेजचे मालक तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. मागचा दरवाजा आठवड्यापूर्वीच ठोकून सरळ करून रंगवला होता. सावलीत सगळं ठीक दिसे. उन्हात मात्र तो दरवाजा बाकीच्या गाडीपासून वेगळा उठून दिसत होता. गाडी पांढरी आणि दरवाजा दुधात निळीचा थेंब पडल्यासारखा. गाडीची मालकीण एक शब्द बोलली नाही. तिने नुसतं बोट दाखवलं, आणि तेच मालकांना जास्त झोंबलं.

"मास्तर, शेड?" मालकांनी विचारलं.

शेडमास्तर पुढे आले. या गॅरेजात शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळवण्याचं काम त्यांच्याशिवाय कोणी करत नसे. पांढरा रंग नुसता पांढरा नसतो. त्यात कुठे निळा, कुठे पिवळा, कुठे काळा थेंबाथेंबाने कालवलेला असतो, आणि गाडी जुनी झाली की त्यातला काही भाग ऊन खातं. कंपनीच्या नंबराप्रमाणे डबा ओतून भागत नाही. मास्तर पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारायचे, तो गाडीला लावून धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्याने बघायचे. मग म्हणायचे, "अर्धा थेंब निळा." डोळा मिटण्याच्या त्यांच्या लकबीची नक्कल गॅरेजमधला प्रत्येक जण करी, पण अर्धा थेंब म्हणजे किती, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"शेड बरोबर होती," मास्तर म्हणाले. "गाडीला लावून बघितली होती मी. पुढचं मला माहीत नाही."

पुढचं म्हणजे पेंटर. मास्तर रंग कालवून देत आणि पेंटर तो स्प्रे-गनने मारी. कोट पातळ बसला, गनमधला रंग नीट ढवळला नाही, दाब कमीजास्त झाला, तर चांगली शेडही बिघडते. हे खरं होतं, म्हणून मालकांना पटलं. याआधीच्या गाड्यांच्या वेळीही त्यांना ते असंच पटलं होतं.

"गन ठेव खाली," मालक पेंटरला म्हणाले. "सोमवारपासून घासकामाला बस. नवा माणूस येतोय."

पेंटरने वाद घातला नाही. त्याने गन खोलली, थिनरने एकेक भाग पुसून काढला आणि पुन्हा जोडून खुंटीला अडकवली. मग हात पुसत तो मास्तरांकडे आला.

"मास्तर, खरं सांगा. माझा हात गेला का हो?"

"होतं असं," मास्तर म्हणाले. "वयाबरोबर हात जड होतो."

पेंटर त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान होता.

रविवारी दुपारी मास्तरांची मेहुणी आली. ती बायकोची थोरली बहीण. येताना तिने एक डीव्हीडी आणली होती. दोघी बहिणींच्या भावाकडे आईची एक जुनी व्हिडिओ टेप पडून होती, ती त्याने डिस्कवर उतरवून घेतली होती. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. हलणारी, चालणारी आई बहिणींनी त्यानंतर पाहिलीच नव्हती.

जेवणं आटोपली तशा दोघी सोफ्यावर चिकटून बसल्या. मास्तरांनी प्लेअर जोडला. पडद्यावर मागचं अंगण आलं आणि अंगणात दोरीवर चादरी वाळत घालणारी आई.

"अगं, ती बघ! तीच झटकायची पद्धत!" बायको म्हणाली.

"आणि तोंड बघ. कुणावर तरी चिडलीय."

"तुझ्यावरच असणार."

मास्तर रिमोट घेऊन टीव्हीजवळ उभे होते. त्यांनी डावा डोळा मिटला. "चादरी पिवळ्या दिसतात," ते म्हणाले. "थांबा जरा, ठीक करतो."

"आम्हाला काही पिवळ्या दिसत नाहीत," मेहुणी म्हणाली.

"ताई, माझं कामच आहे ते."

त्यांनी प्लेअरचा मेनू उघडला. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, टिंट अशा एकाखाली एक पट्ट्या आल्या. त्यांनी टिंटची पट्टी निळ्याकडे सरकवली, कलर थोडा उतरवला, ब्राइटनेस वाढवला. चादरी हळूहळू शुभ्र झाल्या. समाधानाने त्यांनी मेनू बंद केला आणि मागे येऊन खुर्चीत बसले.

बसले आणि चमकले. चादरी निळ्या दिसत होत्या.

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "आईला थंडी वाजायला लागली हो."

"सेटिंग घसरलं," मास्तर म्हणाले. ते उठले, टीव्हीजवळ गेले. तिथून चादरी शुभ्रच होत्या. पट्टीही जिथल्या तिथे होती. ते परत येऊन बसले. चादरी निळ्या.

"जवळून बरोबर दिसतं, बसलो की बिघडतं," ते पुटपुटले.

"मग खुर्चीतच बटण असेल," बायको म्हणाली. "जरा सावरून बसा."

दोघी खो खो हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी प्लेअरची मागची पिन काढून पुसून पुन्हा खोचली. मग टीव्हीचा स्वतःचा रंगाचा मेनू उघडून तिथेही पट्ट्या सरकवल्या, आणि मग कुठला बदल टीव्हीत केला आणि कुठला प्लेअरमध्ये, तेच त्यांना आठवेना. सगळं पुसून मूळ सेटिंग आणलं. चादरी पिवळ्या. पुन्हा टिंट सरकवली. शुभ्र. खुर्चीत येऊन बसले. निळ्या. त्यांनी दुसरी डिस्क लावून पाहिली. तीत माणसांचे चेहरे हिवाळ्यात न्हालेले निघाले. प्लेअरचा ट्रे बाहेर काढून त्यांनी आतली काच मऊ फडक्याने पुसली.

"टीव्ही गॅरेजमध्ये नेऊन एक कोटच मारून आणा ना," बायको म्हणाली. "अहो, आई एवढीशी मिनिटभर दिसली, तीही निळी केलीत. बघू द्या आता आम्हाला."

"हा प्लेअरच भंगार आहे. दोन मिनिटं सेटिंग धरून ठेवत नाही."

मेहुणी हसायची थांबली होती. ती आता टीव्हीकडे नाही, मास्तरांकडे बघत होती.

"भावोजी, परत उठा बरं. टीव्हीजवळ जा. हां, तसेच. आता काय दिसतंय?"

"पांढरं. स्वच्छ."

"आता तो मिटलेला डोळा उघडा आणि दुसरा मिटा."

मास्तरांनी डावा डोळा उघडला, उजवा मिटला.

रिमोट त्यांच्या हातात होता आणि बोट कुठल्याही बटणावर नव्हतं. तरी पडदा बदलला. सगळ्या चादरी एकदम निळ्या झाल्या. त्यांनी पुन्हा डावा मिटला, चादरी पांढऱ्या. उजवा मिटला, निळ्या. ते कितीतरी वेळ तसंच करत राहिले. बायको पुन्हा हसणार होती, पण त्यांचा चेहरा बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"मोतीबिंदू," मेहुणी म्हणाली. "उजव्यात. माझं हेच झालं होतं. मला वाटायचं घरातल्या चादरी जुन्या झाल्या, म्हणून मी मोलकरणीला बोलायची. ऑपरेशन झालं आणि बघते तर सगळ्या पांढऱ्या फेक. घाबरायचं काही नाही हो. चार दिवसांत माणूस कामावर जातो. कुणाला कळतही नाही."

मास्तर खुर्चीत बसले. घाबरले नव्हतेच ते. त्यांना तो दरवाजा दिसत होता. उजव्या डोळ्याने जोखलेला, मोतीबिंदूच्या पिवळ्या काचेतून निळा कमी दिसतो म्हणून जास्तच निळा घातलेला. आणि त्याच्या आधीचे दरवाजे. नमुन्यातला आणि गाडीतला फरक त्या डोळ्याला दिसलाच नव्हता. आणि डावा डोळा, जो बघू शकत होता, तो ते ऐटीने मिटत होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. लावा तुम्ही सिनेमा."

त्यांनी मूळ सेटिंग आणून दिलं. दोघी बहिणींनी आई तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा दोघींचे डोळे भरून आले, आणि मास्तर शेजारी बसून 'कुणाला कळतही नाही' हे तीन शब्द मनात घोळवत राहिले.

सोमवारी सकाळी ते गॅरेजमध्ये आले तेव्हा पेंटर दारातच बसला होता. समोर एक मडगार्ड, बाजूला पाण्याची बादली, हातात घासायचा कागद. पाण्याने बोटं एवढ्यातच सुरकुतली होती.

"या मास्तर," तो म्हणाला.

"हं," म्हणून मास्तर आत गेले.

रस्त्यात त्यांनी सगळं ठरवलं होतं. आधी शेड नीट काढायची. कामात चूक राहिली नाही की हळूहळू विषय मागे पडेल. मग मालकांच्या कानावर घालायचं, पेंटरला पुन्हा गन द्या म्हणून. सगळं बिनबोभाट होईल.

नवा पेंटर रंग मारायच्या बूथमध्ये उभा होता. त्याने गन आपली आणली होती. मास्तरांनी परत आलेल्या गाडीचा पांढरा पुन्हा कालवायला घेतला. पत्र्यावर नमुना मारला, सुकवला, गाडीला लावला. आसपास कोणी नाही असं बघून उजवा डोळा मिटला. इतक्या वर्षांत कामावर पहिल्यांदाच. फरक ढळढळीत होता, कुणीही दाखवून दिला असता इतका. त्यांनी निळा जवळजवळ काढूनच टाकला, पिवळ्याचा एक थेंब घातला. तिसऱ्या नमुन्याला पत्र्याची कडच सापडेना. तो गाडीत मिसळून गेला होता.

दुपारी रंग सुकल्यावर गाडी बाहेर उन्हात काढली. मालक आले, वाकले, एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग त्यांनी दरवाजावर हलकेच टिचकी मारली.

"वा! याला म्हणतात काम." आणि मुद्दाम मोठ्याने, दाराकडे तोंड करून, "बघा रे सगळे! डबे तेच, मास्तर तेच, बूथ तोच. बदललं काय? हात बदलला, हात!"

नवा पेंटर नम्रपणे खाली बघत उभा राहिला. हे असं होईल हे मास्तरांच्या डोक्यात आलं नव्हतं. शेड चुकत होती तोवर पेंटरवर नुसता संशय होता. आता शेड बरोबर आली आणि आरोप सिद्ध झाला. तो सिद्ध करायला मास्तरांनी अख्खी सकाळ घालवली होती.

पेंटर उठून आला. ओले हात त्याने पँटला पुसले, दरवाजाला न लावता पाठीमागे धरले. त्याने वेळ घेऊन बघितलं. चांगलं काम बघताना बघावं तसं.

"छान बसलाय," तो नव्या पेंटरला म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. "मी म्हणत नव्हतो मास्तर? माझाच हात गेलाय. उगाच तुमच्या शेडवर बोट गेलं माझ्यापायी."

मास्तर मालकांकडे वळले.

"मालक," ते म्हणाले, "हात बदललेला नाही. शेड बदललीय."

"म्हणजे?"

"आधीच्या सगळ्या शेड चुकल्या होत्या. माझ्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आज डाव्याने काढली."

मालक आधी हसले. मास्तर कुणाची तरी बाजू घेतायत असं त्यांना वाटलं. मास्तरांनी मग आतून जुना नमुना आणला, आजचा आणला, दोन्ही गाडीला लावून धरले. नवा नमुना दिसेना आणि जुना दिसल्याशिवाय राहीना. मालकांचं हसू गेलं.

"माझ्याकडून गिऱ्हाईकांना माफ्या मागवल्यात तुम्ही," ते म्हणाले. "आणि याला घासायला बसवलं मी. तुमच्या शब्दावर." पुढे बरंच काही ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "डोळा दाखवून घ्या आधी. तोवर शेड तुम्ही काढा, पण मी बघितल्याशिवाय बूथमध्ये जाणार नाही." मग पेंटरला, "उद्यापासून घे गन."

"मग मी?" नव्या पेंटरने विचारलं. मालक त्याला घेऊन ऑफिसकडे गेले.

दारात दोघंच राहिले. पेंटर दोन्ही नमुने हातात घेऊन बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग हळूहळू सुटल्यासारखं काहीतरी आलं. त्याने उजवा हात समोर धरला, पंजा उघडला, मिटला.

"म्हणजे हात चांगला आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

"चांगला आहे रे. काही झालेलं नाही त्याला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"काल कधी?"

"दुपारी. घरी डीव्हीडी लावली होती, तेव्हा."

पेंटरने मान डोलावली. मग ती डोलायची थांबली.

"सकाळी तुम्ही आलात," तो म्हणाला, "तेव्हा मी इथे दारातच होतो."

मास्तरांना बोलण्यासारखं काही सुचलं असतं तर ते सकाळीच सुचलं असतं.

पेंटरने नमुने त्यांच्या हातात परत दिले. आवाज चढवला नाही, तोंडही फिरवलं नाही. "मालकांनी उद्यापासून म्हटलंय," तो म्हणाला. "आजचं घासायचं राहिलंय." तो मडगार्डासमोर बसला, कागद पाण्यात बुडवला आणि घासायला लागला.

मास्तर बराच वेळ उन्हात उभे होते. आत बोलवायला कोणी आलं नाही, आणि 'जा' असंही त्यांना कुणी म्हटलं नाही.