गालातला घास

आमच्या मालकिणी आम्हाला लेकरांसारखं सांभाळायच्या, असं हल्ली पुस्तकांत छापून येतं. लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या डोणीत तोंड घालून बघायचं होतं. अमेरिकेत, जॉर्जियातल्या त्या कापसाच्या मळ्यावर गुलामांच्या पोरांना मक्याची पेज लाकडी डोणीत ओतायचे, डुकरांना ओततात तशी. चमच्याऐवजी हातात शिंपला. जो दांडगा, त्याचं पोट भरायचं.

माझा धाकटा भाऊ जूबा दांडगा नव्हता. आईला विकल्यापासून तो वाळतच चालला होता, आणि आता तर उठून डोणीपर्यंतही येईना. मालकांच्या मोठ्या घरची स्वयंपाकीण फिबीमावशी मला म्हणाली, "केझाया, पेजेनं नाही वाचायचा तो. पोटात कोंबडी जायला हवी."

कोंबडी रोज माझ्याच हातून जायची. स्वयंपाकघर अंगणाच्या पलीकडे. तिथून ताट उचललं की जेवणघरापर्यंत शीळ घालत जायचं, हा बाईसाहेबांचा नियम. शीळ घालणाऱ्या तोंडाला खाता येत नाही ना. त्या खिडकीत कान देऊन बसायच्या. शीळ तुटली की चाबूक.

पण ओळ संपली की कुणालाही श्वास घ्यावाच लागतो. तेवढ्या जागेला बाईसाहेबांची हरकत नसे. ओढ्यावर गालात खडा धरून मी शीळ घालून पाहिली होती. रविवारी पाहुणे आले. अंगणात ओळ संपली, तेवढ्यात मी ताटातल्या कोंबडीच्या तुकड्याच्या खालच्या बाजूचा लचका तोडला, गालात सारला आणि पुढची ओळ धरली.

अवघड शीळ नव्हती. अवघड होतं न गिळणं. मीही उपाशीच होते. जीभ सारखी तिकडे वळायची. तिला मी मनातल्या मनात आईवरून शिव्या घातल्या.

ताट ठेवून वळले, तर बाईसाहेबांनी थांबवलं. "पाहुण्यांना नाव सांग तुझं."

मी मान खाली घातली.

पाहुणी हसली. "शीळ तर झकास घालते. पाखरू पाळलंयत की काय?"

बाईसाहेबांनी पुन्हा विचारलं. मग थोबाडीत बसली, नशीब, रिकाम्या गालावर. रडायला तोंड उघडावं लागतं. मी रडले नाही.

मागे फिबीमावशी रश्शाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं माझ्या गालाकडे एकदाच पाहिलं. "दाढ सुजलीय तिची, बाईसाहेब. बोलता येत नाही."

"मग शीळ कशी घालता येते?"

"तुमचा हुकूम आहे ना."

पाहुणी खो खो हसली. बाईसाहेबांनी हातानंच मला हाकललं.

झोपडीत जाऊन मी घास काढला, बोटांनी कुस्करला आणि जूबाच्या तोंडात घातला. आधी तो नुसताच धरून बसला. मग हळूहळू चावायला लागला. संपल्यावर माझी बोटंही चाटली.

"अजून आहे?"

"उद्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताट उचललं आणि आधीपेक्षा मोठ्यानं शीळ घातली.