छबूबाईंचा डावा हात

छबूबाईंची उजवी बाजू लकव्याने गेली आणि मच्छिंद्रची झोप उडाली. बायको वारलेली, कारखान्यात पाळीची नोकरी. आईला कुणाच्या भरवशावर टाकणार? भावकीतल्या बाया चार दिवस आल्या नि पांगल्या. शेवटी चर्चजवळच्या वस्तीतली कृपा आली. श्रीरामपूरला दवाखान्यात तिने आयाचं काम केलेलं होतं.

कृपा कामाला चोख. ऊन पाण्याने अंग पुसायची, कूस बदलायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची. "तुमी निस्त्या पडून ऱ्हावा मावशी, हलू नका," म्हणायची. छबूबाई आढ्याकडे बघत रडायच्या. कुठं तरी दुखतंय असं वाटून कृपा आणखी तेल चोळायची.

कृपाचा कप मात्र ओसरीवर वेगळा ठेवलेला असे. घराची रीतच तशी होती, दोघींनी तो विषय कधी काढला नाही.

दुष्काळाचं वर्ष. एका सकाळी कृपा टँकरवर पाण्याला गेली, तिथं रांगेत खोळंबली. परतली तर खाट रिकामी! छबूबाई चुलीपाशी होत्या. फरफटत गेलेल्या, लुगड्याला राख, बोटाला चटका.

"पडला असता म्हंजे? मी मच्छिंद्रदादाला काय तोंड दावलं असतं?" कृपा कडाडली.

"माझ्या घरी रोज राबती तू," छबूबाई अडखळत म्हणाल्या, "अन् मी घोटभर च्या बी करू नये? मढं हाय का मी?"

डाव्या हाताने त्यांनी आपल्याच कपबशीत चहा ओतला. निम्मा सांडला.

"ह्या कपात?" कृपा थबकली.

"व्हय. ह्याच."

कृपा प्याली. डोळे पुसत हसली, "मावशी, गूळ घालाया इसरला की वो!"

त्या दिवसापासून कृपाने तऱ्हा बदलली. भरवायच्या ऐवजी ती मनगटाला आधार देऊ लागली. डाळ निवडायला पुढ्यात ठेवू लागली. वेळ दुप्पट जाई, सांडलवंड होई, पण ती घाई करीत नसे.

भावकीत कुजबुज झाली. छबूबाईंची धाकटी जाऊ दगडाबाई तणतणत आली, "आजारी माणसाला कामाला लावती व्हय गं? अन् कप बी घरातलाच घेती!"

कृपा खाली बघत उभी राहिली. छबूबाईच बोलल्या, "दगडे, तू किती दिवस आल्तीस मला बघाया?"

छबूबाईंनी लसणाची परडी तिच्याकडे सरकवली, "बस. एका हातानं सोलाया लई येळ लागतो."

दगडाबाई कुरकुरतच बसली. तिने चहा काही घेतला नाही, पण लसूण मात्र सगळा सोलून गेली.