नसलेल्या पदवीचा दाखला

कोणी चौकशीला आलं की चांगलंच सांगायचं, ही धुळ्यातल्या त्या गल्लीची जुनी रीत. विचारणारा कोण, कशासाठी विचारतो, याची फिकीर कोणी करत नाही. खांद्याला बॅग नि हातात कागद असलेला माणूस दिसला, की सुमनबाई भांडी घासता घासताच सुरू होतात.

त्यामुळे जळगावहून अभिमन नावाचा तरुण आला आणि त्यानं “हितेंद्र इथंच राहतो का? शिक्षण किती त्याचं?” असं विचारलं, तेव्हा व्हायचं तेच झालं.

“पोऱ्या सोनं शे, भाऊ. बठ्ठं शिकेल शे,” सुमनबाई अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे सगळं शिकलेला.

समोरच्या ओट्यावर एसटीतून निवृत्त झालेले पितांबर आबा बसले होते. त्यांनी तपशील भरला. “इंजिनिअर आहे, पुण्याला शिकलेला. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.” हितेंद्रचं लग्न होऊन चार वर्षं झाली, हे त्यांना मध्येच आठवलं. पण एकदा सुरुवात केल्यावर मागं फिरणं आबांच्या स्वभावात नव्हतं. “घरचेही समजूतदार आहेत,” असं त्यांनी वर जोडलं.

हितेंद्रची बायको कामिनी खिडकीतून हे ऐकत होती. अकरा महिन्यांच्या मुलीला ती वरणभात भरवत होती आणि प्रत्येक घास घशाखाली उतरतो का ते बघत होती. दुधाची बाटली दोनदा उकळणारी आणि गॅसचं बटण तीनदा बघणारी बाई ती. अनोळखी माणूस गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिला दिसला होता.

हितेंद्र मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. प्रोग्रामिंग तो तिथंच बसून, फोनवरचे व्हिडिओ बघत शिकला. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याला त्यानं ॲप बनवून दिलं. केळी कापणाऱ्यांची कोणती टोळी कोणत्या दिवशी कोणाच्या शेतात जायची, ते त्यात ठरायचं. दोन टोळ्या एकाच शेतात भेटायच्या बंद झाल्या. ते बघून पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं त्याला घेतलं. पदवी नसली तरी चालेल, खोटं चालणार नाही, एवढंच म्हणाले. सोमवारी रुजू व्हायचं होतं, दुकान सोडून झालं होतं. मध्ये राहिली होती कंपनीची ही पडताळणी, आणि तिच्यासाठीच अभिमन आला होता.

अभिमन घरात येऊन बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “अर्जात बारावी लिहिलंय. शेजारी इंजिनिअर सांगतात.”

“मी बारावीच आहे,” हितेंद्र हळू आवाजात म्हणाला.

“माहिती जुळली नाही की ‘विसंगत’ असा शेरा द्यावा लागतो. मग ते घेत नाहीत.”

“अहो, पण असलेली पदवी कोण लपवेल?”

“लपवतात. मागच्याच महिन्यात एकानं एमबीए लपवलं होतं.”

“का?”

“तो रकाना फॉर्ममध्ये नाही.” अभिमननं पेन काढलं. “पदवी नसल्याचा काही पुरावा आहे?”

हितेंद्रनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी शिंदखेड्याहून कामिनीचे वडील, लोटननाना, याच गल्लीत चौकशीला आले होते. मुलगी प्रथम श्रेणीत बीएस्सी झालेली. जावई इंजिनिअर हवा होता. आबांनी तो दिला. लग्नानंतर हितेंद्र म्हणाला, शेवटच्या वर्षाचा निकाल विद्यापीठात अडकलाय. तो अजून अडकलेलाच होता. खरं काय ते त्यानं कंपनीला लिहून दिलं होतं. बायकोला सांगायचं राहिलं होतं.

त्यानं दारातूनच हाक मारली. “आबा, जरा या. यांना खरं सांगा ना.”

आबा आले. “काय सांगू? गल्लीतल्या पोराची बदनामी करू? माझ्यानं नाही होणार.”

“आबा, नोकरी जाईल माझी!”

“इंजिनिअर म्हटल्यानं कोणाची नोकरी गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.”

तेवढ्यात कामिनी मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात मुलीच्या लसीकरणाची फाइल होती. कार्डामागून तिनं एक घडी पडलेला कागद काढला आणि अभिमनपुढं ठेवला. कॉलेज सोडल्याचा दाखला. शेरा होता: ‘द्वितीय वर्षात सतत गैरहजर. नाव कमी केले.’

हितेंद्र दाखल्याकडे बघत राहिला. त्यानं तो स्वतःच्या हातानं कपाटात, अंथरलेल्या पेपराखाली ठेवला होता.

अभिमननं फोटो काढला. “हे चालेल. पण ज्यांनी आधी चुकीचं सांगितलं, त्यांची सही लागेल.”

आबांनी हात मागं घेतले.

“आबा,” कामिनी म्हणाली, “माझ्या नानांनाही तुम्ही हेच सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं. मग? वाईट झालं का तुझं, सूनबाई?”

हितेंद्रनं मान वर केली. अभिमननंही पेन थांबवलं, त्याचा खरं तर संबंध नव्हता. कामिनीनं मुलीच्या हनुवटीवरचं वरण पदरानं पुसलं, मग दुसऱ्या बाजूचंही पुसलं.

“नाही झालं,” ती म्हणाली. “आता सही करा.”

आबांनी चष्मा लावून सही केली आणि खाली जागा होती म्हणून लिहिलं: ‘पदवी नाही. परंतु मुलगा चांगला आहे.’ अभिमननं ते वाचलं, खोडलं नाही, आणि वर ‘सुसंगत’ लिहिलं.

तो गेल्यावर हितेंद्र चपलांच्या रांगेकडे बघत म्हणाला,

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवाळीपासून. कपाट पुसताना सापडला.”

“बोलली नाहीस कधी.”

“निकाल अडकलाय म्हणालात ना तुम्ही. मी वाट बघत होते.”

“अर्ज लिहिताना वाटलं होतं, आधी तुला सांगावं.”

“मग?”

“कंपनीला सांगणं सोपं गेलं.”

दाखला तिनं पुन्हा घडी करून कार्डामागं ठेवला.

बाहेरून सुमनबाईंचा आवाज आला, “कोठलं स्थळ व्हतं वं, कामिनी?”

“पुण्याचं.”

“पसंत पडना का पोऱ्या?”

“पडला,” कामिनी म्हणाली आणि गॅसचं बटण बंद आहे का ते बघायला आत गेली.