चंदनबाईंनी उचललेला चेंडू

ज्या खेळात कमी आकडेवाला जिंकतो, तो खेळ डाळीच्या व्यापाऱ्याच्या गळी उतरायला वेळ लागतो. जळगावच्या दाणा बाजारातल्या लखीचंदशेठना नातीला दोन कप मिळाल्यावरही पटत नव्हतं, की जास्त फटके मारणारी हरते. "मेहनत जास्त तिचीच ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रियल म्हणाली, "दादाजी, तूर भरडताना तुकडा जास्त पडला तर तुम्ही गिरणीतल्या मिस्त्रीला बक्षीस देता का?" त्या दिवसापासून शेठना गोल्फ कळू लागलं. निदान ते तसं सांगत.

यंदा व्यावसायिक महिला गोल्फपटूंची वर्षअखेरची अजिंक्यपद स्पर्धा चक्क खान्देशात आली. पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याच्या हायवेला लागून कुणा बिल्डरनं नवं मैदान उभं केलं होतं. जिंकणारीला पुढच्या वर्षी परदेशातल्या स्पर्धांत थेट जागा. प्रियल आधीची दोन्ही वर्षं दुसरी आली होती, आणि दुसऱ्या नंबरला विमान नव्हतं.

शेवटच्या दिवशी शेठ, त्यांच्या पत्नी चंदनबाई आणि शिंदखेड्याचे कापूसवाले कौतिक पाटील असे तिघं मैदानावर आले. कौतिकभाऊ खेळ बघायला कमी आणि शेठची धांदल बघायला जास्त आले होते.

"लखीभो, इतलं रान, नी नुसतं गवत शे. कपाशी का नही लाई?"

"हळू बोला, कौतिकभाऊ. इथं शिंकायलाही परवानगी लागते."

चंदनबाईंची वेगळीच अडचण होती. चातुर्मास संपायला अजून चार दिवस होते आणि त्यांचा नेम पक्का: चातुर्मासात हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, जीव मरतात. म्हणून त्या गाड्यांसाठी केलेल्या सिमेंटच्या वाटेवरून चालत होत्या, आणि त्यांच्यामुळे बाकी दोघंही. नात हिरवळ तुडवून नाव कमावते आणि आजी हिरवळीला पाय लावत नाही, यावरून घरात कधी शब्दही झाला नव्हता. "तिचा धंदा ती बघते, माझा नेम मी बघते," एवढंच त्या म्हणत. शेठच्या मते बाजारातले निम्मे तंटे एवढ्यावर मिटले असते.

शेवटच्या होलला प्रियल आणि चंदिगडची गुरनूर बरोबरीत होत्या. गुरनूरचा चेंडू ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर, जाऊन बसला. प्रियलचा फटका जरा लांबला. चेंडू ग्रीन ओलांडून घरंगळत नेमका सिमेंटच्या वाटेकडे आला आणि वाटेपासून हातभर आत गवतात थांबला.

शेठनी नीट पाहिलं. माल कुठं उतरला हे बघायची त्यांची नजर. तिथं कुणाच्या तरी टाचेनं ओल्या मातीत खळगा पडला होता आणि चेंडू निम्मा त्यात गेला होता. शेजारी वीतभर अंतरावर गवत गालिच्यासारखं सारखं होतं. वीतभर अलीकडे थांबला असता तर काम सोपं होतं. शेठ मनातल्या मनात हळहळले, आणि त्या हळहळीत बायकोकडे लक्ष द्यायचं राहून गेलं.

चंदनबाईंना चेंडू दिसलाच नाही. दिसल्या त्या त्याच्यावर चढणाऱ्या मुंग्या. आता नात येणार, काठी हाणणार. त्यांनी पाय वाटेवरच ठेवून हात लांब केला, चेंडू अलगद उचलला आणि पदराच्या टोकानं एकेक मुंगी खाली सोडली.

लांबून लोकांना चंदनबाईंच्या हातातला चेंडू तेवढा दिसला. मग रेफरी बाई धावत आल्या.

"आजी, हे काय केलंत?"

"काही नाही, बाई. हा घ्या तुमचा चेंडू, पुसलाय."

कौतिकभाऊंनी कपाळाला हात लावला. "लखीभो, बाईनी कपच उचली लिधा."

रेफरी बाईंनी नियम सांगितला. प्रेक्षकानं चेंडू उचलला तर खेळाडूला दंड नाही, पण होता तिथंच तो परत ठेवायचा. प्रश्न एवढाच, की कुठं होता? चंदनबाईंना विचारलं, तर त्यांना मुंग्या आठवत होत्या, जागा नाही. वाटेवरच्या स्वयंसेवकाची तेव्हा पाठ होती. प्रियल आणि गुरनूर तर पार लांबून चालत येत होत्या.

"ह्यांनी बघितलं असेल," रेफरी बाई शेठकडे वळल्या. "काका, कुठं होता?"

कौतिकभाऊंनी कोपर मारलं. "चोखी जागा दाखाड भो. कोन दखी ऱ्हायनं?"

कुणीच पाहत नव्हतं, हे खरंच होतं. वीतभराचा तर प्रश्न. नमुन्याच्या थैलीत वरच्या थराला दोन दाणे चांगले ठेवणारे बाजारात किती, आणि त्यांना शेठनी स्वतः तोंडावर काय काय सुनावलं होतं, तेही त्यांना आठवलं. पण नात आपली होती, आणि तिचं हे तिसरं वर्ष होतं. शेठचं बोट उठलं. खळग्याकडे निघाल्यासारखं निघालं आणि वाटेत गालिच्याकडे झुकू लागलं.

"थांबा," तोवर येऊन पोचलेली प्रियल म्हणाली.

ती वाकली. चंदनबाईंनी सोडलेल्या मुंग्या लगबगीनं गवतातून परत निघाल्या होत्या, आणि त्यांची रांग सरळ त्या खळग्यात उतरत होती.

"दादी, ह्याच मुंग्या ना चेंडूवर होत्या?"

"ह्याच. बिचाऱ्या परत तिथंच चालल्या बघ."

"मग चेंडू खळग्यात होता," प्रियल रेफरी बाईंना म्हणाली, आणि स्वतःच तो तिथं ठेवला. गुरनूरनं मान डोलावली. मुंग्या बाजूला करायची नियमात मुभा होती. त्या चंदनबाईंनी वाटेवरून वाकून पदरानं केल्या, आणि लोक पहिल्यांदा हसले.

खळग्यातून चेंडू काढणं म्हणजे ओल्या पोत्यातून सुकी डाळ काढणं. तरी पोरीनं तो असा काढला, की कौतिकभाऊंच्या तोंडून "वा रे बेटी" निघून गेलं. चेंडू ग्रीनवर चढला, पण खड्ड्यापासून दूरच थांबला. पुढचा फटका काठाला वळसा घालून बाहेर राहिला. गुरनूरनं आपलं काम चोख केलं. एका फटक्यानं प्रियल पुन्हा दुसरी.

टाळ्या संपल्यावर ती वाटेवर आली आणि शेठच्या शेजारी बसली.

"दादाजी, तुमचं बोट कुठं चाललं होतं?"

शेठनी त्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुला दिसलं?"

"दिसलं म्हणूनच तर आधी बोलले. एकदा टेकलं असतं तर मला तोंड उघडता आलं नसतं. चारचौघांत तुम्हाला खोटं कसं म्हणायचं?"

"म्हणजे माझ्यापायी हरलीस."

"नाही हो. शेवटचा फटका मीच चुकवला. तो तुमच्या नावावर कशाला?"

कौतिकभाऊ एरवी अशा वेळी गप्प बसणारे नव्हेत. ते उठून उगाच हायवेकडे बघत उभे राहिले.

शेठना नातीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण तिच्या डोक्यावर टोपी होती. तिनं ती काढेपर्यंत ते हात तसाच धरून थांबले.